‘तुमच्याकडे हॉस्पिटलपण आहे का?’

फोन दुपारी तीनच्या सुमारास आला. पलीकडचा माणूस जरा संकोचून बोलत होता.

“सर, तुमची आरएफपी वाचली. एक शंका होती. तुमच्या ग्रुपचं हॉस्पिटलपण आहे का?”

“नाही हो. आमची फाउंड्री आहे. लोखंड ओततो आम्ही.”

“मग जरा १८७ नंबरची ओळ बघता का?”

मी फाइल उघडली. ओळ १८७ : रुग्णाचा डिस्चार्ज झाल्यावर अंतिम बिल आपोआप तयार झालं पाहिजे.

मला खुर्चीत बसल्या जागी घाम फुटला. शिरोली एमआयडीसीतली अडीचशे माणसांची आमची फाउंड्री, आणि तिच्या मागणीपत्रकात रुग्ण! झालं होतं असं, की सॉफ्टवेअर बसवणारी पार्टी शोधायची तर आधी आरएफपी (आपल्या गरजांचं मागणीपत्रक) काढावी लागते, एवढंच मला ऐकून माहीत होतं. ती लिहायची कशी, हे कुणालाच येत नव्हतं. एका ओळखीच्या माणसाकडून तयार फाइल आणली, नाव बदललं, ‘वॉर्ड’ दिसला तिथं ‘शॉप’ केलं आणि सहा पार्ट्यांना पाठवून दिली. एक ओळ नजरेतून सुटली.

खरी गंमत पुढे आहे. सहापैकी पाच पार्ट्यांची उत्तरं आली. त्यांतल्या चौघांनी ओळ १८७ समोर ‘हो’ लिहिलं होतं. एकाने तर शेरा मारला होता : ही सुविधा आमच्या अनेक ग्राहकांकडे यशस्वीपणे चालू आहे. पाचवा हा फोन करणारा. पुण्याची चाळीसेक माणसांची कंपनी. नाव आमच्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

चूक माझी, ते मी नाकारत नाही. पण चार पार्ट्यांनी आमचा कागद न वाचताच सगळीकडे ‘हो’ लिहिलंय, हे त्या चुकीनेच मला दाखवलं.

पांढऱ्या केसांचे साहेब

हा आमचा दुसरा डाव होता. पहिला २०१३ मध्ये फसला होता, आणि तो फसला कसा हे मी जवळून पाहिलंय.

तेव्हा डेमोला एक गृहस्थ आले होते. पांढरे केस, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं मऊ. “मी तीस वर्षं फाउंड्रीतच काढलीत,” म्हणाले. भट्टीपाशी गेले, वाळू चिमटीत घेऊन चोळून बघितली. थोरले मालक तिथंच गार झाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ह्या माणसाला धंदा कळतो. ऑर्डर देऊन टाक.”

काम सुरू व्हायच्या दिवशी गाडीतून दोन पोरं उतरली. हुशार होती, कष्टाळूही होती. पण कंपनीत लागून चार महिने झाले होते आणि फाउंड्री दोघांनी जन्मात पहिल्यांदा बघितली होती. “साहेब कुठायत?” मी विचारलं. “ते प्री-सेल्सला असतात सर.” ते साहेब आम्हाला पुन्हा कधी दिसले नाहीत. पोरांनी सात महिने धडपड केली. त्यातल्या एकाने मध्येच नोकरी सोडली, दुसरा एकटा पडला आणि सॉफ्टवेअर स्टॉकच्या पानापाशी येऊन थांबलं ते थांबलंच.

दोन वर्षांनी पुण्याच्या एका प्रदर्शनात एका स्टॉलवर ते गृहस्थ दिसले. समोर साखर कारखान्याची मंडळी बसली होती. मी जवळून गेलो तेव्हा कानावर आलं : “मी तीस वर्षं साखरेतच काढलीत.”

विकायला येणारा वेगळा आणि कामाला येणारा वेगळा, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. त्यात फसवणूकच असते असं नाही; मोठ्या कंपनीला ते तसंच परवडतं. पण आपण डेमो देणाऱ्यावर भाळून सही करतो आणि दुसऱ्याच माणसाबरोबर वर्ष काढतो. म्हणून या खेपेला आम्ही करारातच घातलं : कामावर येणार त्यांची नावं सांगा, आधी त्यांना भेटवा, आणि मुख्य माणूस बदलायचा असेल तर आम्हाला विचारून बदला. एका पार्टीच्या सेल्सवाल्याने ते कलम वाचून कागद हळूच मिटून ठेवला.

“ह्यात रनर-रायझर कुठं गेलं?”

१ एप्रिल २०२२ पासून २० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. आम्ही ते टॅलीतून कसंबसं निभावलं. पण स्टॉक जुन्या फॉक्सप्रोमध्ये, जॉबवर्कची चलनं रजिस्टरमध्ये, रिजेक्शन एक्सेलमध्ये आणि खरा हिशोब स्टोअरच्या मामांच्या डोक्यात, अशी आमची विभागणी होती. मामा पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. धाकटे मालक म्हणाले, “सगळं एका जागी आणायचं. या वर्षीच.”

डेमोला मामांना बोलवायचं हे धाकट्यांनीच ठरवलं. एका नावाजलेल्या पार्टीची पाच माणसं निळे ब्लेझर घालून आली होती. पडद्यावर सायकल बनवण्याच्या कंपनीचा नमुना सुरू झाला : दोन चाकं, एक हँडल, एक सीट, झाली सायकल. किती सायकली केल्या की किती चाकं स्टॉकमधून उतरली, ते झटक्यात दिसत होतं. सगळे माना डोलावत होते. शेवटच्या खुर्चीतून मामांनी हात वर केला.

“सायेब, भट्टीत एक टन वतलं. कास्टिंग निघालं सहाशे किलो. ऱ्हायलेलं चारशे किलो रनर-रायझर परत भट्टीत जातंय. ह्यात ते कुठं गेलं? ह्या हिशोबानं तर रोज चारशे किलो चोरीला गेल्यागत दिसतंय.”

खोलीत शांतता. मग ब्लेझरमधल्या एकाने हसून सांगितलं, “ते कॉन्फिगर करता येतं.”

“कसं, त्ये दावा की.”

“कॉन्फिगर करता येतं,” तो पुन्हा म्हणाला.

तेव्हापासून आमच्या कंपनीत हा वाक्प्रचारच होऊन बसलाय. कॅन्टीनचा चहा पातळ झाला तरी पोरं म्हणतात, कॉन्फिगर करता येतंय.

फाउंड्रीचं गणित सायकलसारखं सुटे भाग जोडण्याचं नाही. साच्यात धातू पोचवायचे पाट म्हणजे रनर. कास्टिंग थिजताना आकसतं, तेव्हा वरून धातू पुरवणारा साठा म्हणजे रायझर. ते तोडून पुन्हा वितळवायचे. माल तोच, दर दिवशी फिरणारा. हा फिरता माल ज्याला मांडता येत नाही, त्याचं सॉफ्टवेअर आमच्या कामाचं नाही. पण हे आम्हाला आरएफपीच्या दोनशेवर ओळींमध्ये लिहायला सुचलं नव्हतं. मामांना एका वाक्यात सुचलं.

दुसऱ्या फेरीला आम्ही डेमोच बदलला. सर्व पार्ट्यांना आमच्याच एका दिवसाचे कागद दिले : भट्टीच्या तीन हीटचे आकडे, एक रिजेक्शन, मशीनिंगला बाहेर गेलेल्या शंभर नगांपैकी सत्त्याण्णवच परत आलेलं एक चलन, आणि गिऱ्हाइकाने मारलेली एक डेबिट नोट. म्हटलं, सायकल नको, हे दाखवा. मामांची भाषा वेगळी : “बैल दावणीला बघू नये. औताला जुंपून बघावा.”

दोन पार्ट्यांनी तारखा पुढे ढकलल्या त्या ढकलल्याच. पुण्याच्या पार्टीची एक मुलगी मात्र डेमोआधी तीन दिवस येऊन राहिली. पहिला दिवस तिने फेटलिंग शॉपमध्ये ग्राइंडरच्या धुळीत स्टुलावर बसून काढला. काय लिहून घेतलं म्हणून मी वही बघितली. एकही उत्तर नव्हतं, नुसते प्रश्न. त्यातला एक अजून आठवतो : रिजेक्ट झालेला नग हातोड्याने फोडण्याआधी मोजतात की नंतर? बावीस वर्षं मी तिथं आहे. मला सांगता आलं नाही.

उपरण्याखालचा भाव

आता पैशाचं. थोरले मालक घासाघीस करण्यात पटाईत. भंगार, कोक, बेंटोनाइट सगळं त्यांनी घासूनच घेतलंय. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, तशीच त्यांची केबिनमधली बैठक. एका पार्टीला त्यांनी आधी वीस टक्के खाली आणलं. चहा झाल्यावर आणखी दहा मागितले. समोरच्याने क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. थोरले खूश.

ती ऑर्डर शेवटी झाली नाही. पण वर्षभराने त्याच सेल्सवाल्याची नोकरी बदलली आणि तांबडा-पांढरा रस्सा ओरपता ओरपता त्याने पडद्यामागचं सांगितलं. “सर, पहिले वीस टक्के आम्ही वाढवूनच आणले होते. मालक मागणार, हे ठरलेलंच. दुसरे दहा मात्र माणसांतून गेले असते. अनुभवी बाई काढून नवा मुलगा दिला असता. शिवाय ओळींतलं अर्धं काम ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणून नंतर वेगळं लावलं असतं.”

भंगारात दर पाडला तरी लोखंड लोखंडच राहतं. इथं विकत घेतो ते माणसांचे दिवस. दर पाडला की माणूस बदलतो.

आणि काम नेमकं काय, हेच ठरलेलं नसेल तर कमी दराला अर्थ उरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या आरोग्य खात्याने पगाराची नवी यंत्रणा आयबीएमकडून घेतली. सुरुवातीचं ठोक कंत्राट होतं सुमारे ६१.९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं. मार्च २०१० मध्ये ती सुरू झाली आणि हजारो परिचारिका-डॉक्टरांचे पगार चुकले. कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. सगळं निस्तरायचा आणि ती यंत्रणा चालवायचा खर्च आठ वर्षांत १२० कोटी डॉलरवर जाईल, असा अंदाज पुढे आला. २०१३ च्या चौकशी आयोगाने कंपनीला सोडलं नाहीच. पण राज्याच्या अधिकाऱ्यांनी नको ती घाई केली आणि पुरेशी काळजी घेतली नाही, यावरही बोट ठेवलं. आपल्याला काय हवंय, हेच सरकारला नीट सांगता आलं नव्हतं. ते वाचताना मला ओळ १८७ आठवत राहिली.

टेबलावरचं लाल रजिस्टर

प्रत्येक पार्टी तीन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर देते. तिघेही खूश असतात; नाखूश असलेल्याचा नंबर कोण देईल? म्हणून आम्ही यादीत नसलेला कारखाना शोधला. धाकटे मालक तिथल्या मालकांशी बोलत बसले आणि मी ‘जरा शॉप बघून येतो’ म्हणून डिस्पॅचला गेलो.

डिस्पॅच क्लार्कच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, सॉफ्टवेअर चालू होतं, आणि कीबोर्डशेजारी लाल कापडी पाठीचं रजिस्टर उघडं होतं. त्यात त्या दिवशीचीच तारीख. “हे कशाला?” विचारलं. तो हसला. “साहेब, त्यात सायंकाळी सहानंतर भरतो. गाडी ह्याच्यावर सोडतो.” आत केबिनमध्ये त्याच वेळी त्याचे मालक आमच्या मालकांना सांगत होते की आमच्याकडे आता सगळं पेपरलेस आहे.

पार्टीची परीक्षा करायला मला तेव्हापासून दोनच गोष्टी लागतात. एक, कॉम्प्युटरशेजारी रजिस्टर आहे का. दुसरी, क्लार्कला विचारायचं : रात्री दहाला गाडी भरून उभी आहे, ई-वे बिल अडलंय, फोन कोण उचलतो? त्या क्लार्कने उत्तर दिलं नाही, नुसता रजिस्टरवर हात ठेवला. पुण्याच्या पार्टीच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिथल्या माणसाने मोबाइल काढून नाव दाखवलं. तो नंबर त्याने घरच्यांच्या नंबरांत सेव्ह केला होता.

नावाचं छत्र

तरीही निर्णय सहज झाला नाही. आमच्यातल्या एका वरिष्ठांचं म्हणणं होतं, मोठ्या नावाचीच पार्टी घ्या. कारणही त्यांनी खासगीत प्रामाणिकपणे सांगितलं : “उद्या बिघडलं तर कुणी आपल्याला बोलणार नाही. छोट्या पार्टीने बिघडवलं तर आपली मान जाईल.” अनेक कंपन्यांत बाहेरचा भागीदार निवडताना हाच विचार आत चालू असतो, बैठकीच्या नोंदीत तो कधी येत नाही.

नाव मोठं असणं वाईट नाही, पण ते हमीपत्र नव्हे. प्राप्तिकराचं नवं पोर्टल इन्फोसिससारख्या कंपनीने केलं, तरी ७ जून २०२१ ला ते सुरू झालं तेव्हा महिनोन्‌महिने सीए लोकांचे हाल झाले आणि अर्थमंत्र्यांना कंपनीच्या प्रमुखांना बोलावून विचारावं लागलं. अर्थात दुसरी बाजूही आहे. कंपनीने काम सोडलं नाही. पुढे त्याच पोर्टलवर ३१ जुलै २०२४ पर्यंत ७ कोटी २८ लाखांहून जास्त विवरणपत्रं भरली गेली. सरकारएवढं गिऱ्हाईक असेल तर मोठी कंपनी प्रमुखासकट धावते. आमच्यासारख्या फाउंड्रीसाठी धावेल का, एवढाच आमचा प्रश्न होता.

‘नाही’ म्हणणारी पार्टी

शेवटच्या बैठकीत पुण्याच्या त्या मुलीने तीन वेळा ‘नाही’ म्हटलं.

पहिला नकार आमच्या पाच रंगांच्या चलनाला. वडिलांच्या काळापासूनचं ते चलन जसंच्या तसं सॉफ्टवेअरमध्ये हवं, असा थोरल्यांचा हट्ट. ती म्हणाली, “करता येईल, पण करू नका. त्यासाठी मूळ सॉफ्टवेअर फोडावं लागेल आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला तुम्ही पैसे मोजाल.” जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने याच पायी हात पोळून घेतले. ते स्टॉक खरेदीच्या किमतीने धरत. एसएपीच्या तयार रचनेत विक्रीची किंमत होती. पद्धत बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर वाकवत गेले. सात वर्षांनी, २०१८ मध्ये, प्रकल्पच गुंडाळला. तोवर सुमारे ५० कोटी युरो गेल्याचं जर्मन वृत्तपत्रांनी छापलं.

दुसरा नकार आमच्या डेटाला. एकट्या बेंटोनाइटचे आमच्याकडे चार कोड होते : इंग्रजीत दोन स्पेलिंगं, एक मराठी नाव आणि एक नुसतं ‘पांढरी पावडर’. “हे असं मी चढवणार नाही,” ती म्हणाली. “आधी तुम्ही साफ करा. आमच्या पोरांना यातलं खरं कुठलं ते कळणार नाही.”

तिसरा नकार दसऱ्याला. ऑगस्ट चालू होता आणि मालकांना दसऱ्याचा मुहूर्त हवा होता. “बाकीच्यांनी कोटेशनमध्येच दसरा लिहिलाय,” थोरले म्हणाले. तिने शांतपणे सांगितलं की दिवाळीआधी तुमचा डिस्पॅच सर्वांत जास्त असतो. त्या महिन्यात अडकलात तर माल तयार असून गाडी निघणार नाही. अमेरिकेतल्या हर्षी या चॉकलेट कंपनीचं १९९९ मध्ये तेच झालं. घाईने नवी यंत्रणा जुलैमध्ये सुरू केली आणि हॅलोविनच्या ऐन हंगामात गोदामात चॉकलेट असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत.

थोरले रागाने उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. म्हणाले, “पैसे घ्यायच्या आधी जी नाही म्हणते, ती पैसे घेतल्यावर खोटं बोलायची नाही. तिला दे.”

करारात आम्ही आणखी एक कलम स्वतः बसून घातलं. २०१३ च्या पार्टीने निघताना आमचा डेटा ‘परत’ केला होता तो हजारो पानांच्या पीडीएफमध्ये. छापून ठेवायला उत्तम, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला निरुपयोगी. म्हणून या वेळी लिहिलं : वेगळं व्हायचं झालं तर डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल, आणि ॲडमिनचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून आमच्याकडे राहील.

नवी यंत्रणा १ एप्रिल २०२३ ला सुरू झाली. सगळं गोडगोड झालं असं नाही. पहिल्या महिन्यात स्टॉक जुळला नाही, दोन गाड्या रात्रभर गेटवर उभ्या राहिल्या, आणि चूक शोधली तर ती आमच्याच जुन्या आकड्यांत निघाली. पण दोन्ही रात्री फोन उचलला गेला. मामा त्याच वर्षी रिटायर झाले. जाताना त्यांनी आपलं रजिस्टर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. शेवटची नोंद जून महिन्याची होती.

कुणी विचारतं, पार्टी कशी निवडलीत, तर मी एवढंच सांगतो. कोटेशन मागवण्याआधी आपल्या कारखान्यातल्या सर्वांत जुन्या रजिस्टरचं एक पान उघडा आणि येणाऱ्या प्रत्येकासमोर ठेवा. ते काय सांगतात ते लिहून घेऊ नका. काय विचारतात ते घ्या.